पृथ्वी मोजणाऱ्या मावशी

मावशींनी मला खोली दिली ती मी मूळ संख्या निघाले म्हणून.

अ‍ॅशबर्नमध्ये मी नवीन होते. कंपनीनं नागपूरहून पुण्याला आणि पुण्याहून थेट व्हर्जिनियात आणून टाकलेली. देशी दुकानाच्या काचेवर चिकटवलेली मराठीतली एक चिठ्ठी बघून फोन केला. पलीकडून बाईंनी विचारलं, "एकटीच आहेस?"

"हो."

"तुझ्या ऑफिसातलं कुणी आधी माझ्याकडे राहून गेलंय?"

"नाही."

"कुणाची भाची, पुतणी, मैत्रिणीची मैत्रीण?"

"कुणाचीच नाही."

"मग ये."

ही चाळणी होती, हे नंतर कळलं. जोडीनं येणारे आधी गाळायचे. मग ओळखीनं येणारे, मग त्यांच्या ओळखीनं येणारे. "जी कुणाच्याच पटीत बसत नाही ती शेवटी उरते," मावशी म्हणाल्या. "मूळ संख्या अशाच शोधतात. दोन हजार वर्षांहून जुनी पद्धत आहे, आजवर चुकलेली नाही." वास्तविक माझ्या आधीच्या मुलीनं मायक्रोवेव्ह जाळला होता. पण तो दोष चाळणीचा नव्हता, मायक्रोवेव्हचा होता, असं मावशींचं मत पडलं.

चाळणीची पद्धत ज्यानं काढली त्याला मावशी 'ग्रंथपाल' म्हणत. ग्रंथपाल असं म्हणायचा, ग्रंथपालानं असं केलं असतं, ग्रंथपालाला हे खपलं नसतं. घरात एकाही पुरुषाचा फोटो नव्हता, त्यामुळे पहिले काही आठवडे मी समजत होते की ग्रंथपाल म्हणजे मावशींचे वारलेले यजमान. एकदा मी हळहळून विचारलंही, "मावशी, ते जाऊन किती वर्षं झाली?"

"बावीसशे," मावशी म्हणाल्या आणि चहा गाळत राहिल्या.

मावशींचं लग्न झालेलंच नव्हतं. ग्रंथपाल म्हणजे इराटोस्थेनिस. अलेक्झांड्रियाच्या त्या मोठ्या ग्रंथालयाचा प्रमुख, गणिती, भूगोलाचा जाणकार आणि पृथ्वीचा घेर मोजणारा. त्याच्या काळातले लोक त्याला चिडवून 'बीटा' म्हणत. ग्रीक मुळाक्षरांतलं दुसरं अक्षर. सगळ्या विषयांत हात घालायचा आणि प्रत्येकात कुणीतरी एक जण त्याच्या पुढे असायचा, म्हणून तो सगळीकडे दुसरा. मी ऑफिसात बीटा टेस्टिंग करते, म्हणजे बाजारात जाण्याआधी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, असं सांगितल्यावर मावशींनी माझ्याकडे पहिल्यांदा आदरानं पाहिलं.

मावशीही दुसऱ्याच होत्या. मिरजेच्या घरात दोन मुली, त्यातल्या धाकट्या. शाळेत दुसऱ्या, कॉलेजात दुसऱ्या. पहिली ताई. अमेरिकेतही ताईच आधी आली, लग्न करून. मागून मावशी शिकायला आल्या आणि काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नकाशांच्या खात्यात चिकटल्या, ते थेट रिटायर होईपर्यंत. "पहिले आलेले लोक बक्षीस घेऊन घरी जातात," त्या म्हणत. "पृथ्वी मोजायला दुसराच लागतो. त्याला तेवढा वेळ असतो."

दिसायला मावशी उंच, सडपातळ. सलवारीवर बाह्या दुमडलेला पुरुषी शर्ट, डोक्यावर कापडी हॅट आणि पर्समध्ये पितळेचा ओळंबा. गवंडी भिंतीची सरळ रेषा बघायला दोरीला बांधून सोडतात तो. मावशींना भेटलेली कुठलीही उभी गोष्ट ओळंब्यातून सुटत नसे. रेस्टॉरंटचे खांब, शेजाऱ्यांची टपालपेटी. एका घरी सत्यनारायणाला गेलो, तर गुरुजींनी बांधलेले केळीचे खुंट त्यांनी तपासले आणि चारांतला एक पूर्वेला झुकलाय असं जाहीर केलं. गुरुजी म्हणाले, "मावशी, देवाला चालतं." मावशी म्हणाल्या, "देवाला चालत असेल." तो खुंट सरळ केल्यावरच त्यांनी प्रसाद घेतला. पुढे एकदा विमानतळावर तपासणीत त्यांचा जुना ओळंबा काढून घेतला. त्या अधिकाऱ्याशी त्या भांडल्या नाहीत. नवा ओळंबा आणला आणि विमानात बसणं सोडलं.

दरवर्षी एकवीस जूनला मावशी पृथ्वी मोजत.

कृती सोपी आहे, निदान मावशींना तसं वाटे. दोन गावं घ्यायची, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. एकाच दिवशी, सूर्य ऐन माथ्यावर असताना, दोन्हीकडे सारख्या उंचीची काठी उभी करायची. पृथ्वी गोल असल्यामुळे सावल्या सारख्या पडत नाहीत. त्या फरकावरून कोन काढायचा, आणि कोनावरून कळतं की त्या दोन गावांमधलं अंतर पृथ्वीच्या घेराचा कितवा हिस्सा आहे. ग्रंथपालाचा पन्नासावा आला होता. त्याच्या दक्षिणेच्या गावात तर त्या दिवशी सूर्य थेट विहिरीच्या तळाशी दिसायचा, काठीसुद्धा लागली नाही. "त्याला विहीर मिळाली," मावशी म्हणत. "मला ताई."

ताई जॉर्जियात, अल्फारेटाला राहत. अ‍ॅशबर्नच्या बऱ्याच दक्षिणेला. त्या दिशेला मावशींच्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं, एवढ्याच कारणानं ताईंची नेमणूक झाली होती. अडचण अशी होती की मावशी ताईंशी बोलत नव्हत्या. म्हणून फोन करायचं काम भाडेकरूकडे.

माझ्या पहिल्या जूनमध्ये मावशींनी मला ऑफिसातून हाफ डे घ्यायला लावला. त्यांच्या टाउनहाउसच्या मागे डेकची सावली पडते, म्हणून आम्ही काठी घेऊन गेलो शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर. त्याला लागून डेटा सेंटर होतं, इंटरनेटचे हजारो कॉम्प्युटर ठेवायची जागा. एकही खिडकी नसलेली, अख्खी गल्ली अडवणारी राखी इमारत आणि भोवती उंच कुंपण. मावशींनी कुंपणाच्या बाहेर काठी रोवली, ओळंबा लावला आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या. पाचेक मिनिटांत सिक्युरिटीची गाडी आली. दहशतवादी हल्ल्यांच्या धास्तीच्या त्या काळात तसल्या इमारतीशेजारी काठी रोवणं हे लहानसहान काम नव्हतं.

गार्ड तरुण होता. त्यानं विचारलं, "मॅम, काय चाललंय?"

"मोजतेय," मावशी इंग्रजीत म्हणाल्या.

"काय मोजताय?"

"पृथ्वी."

गार्डनं थोडा वेळ त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र वर करून दाखवलं. तो बाजूला जाऊन वॉकीटॉकीवर कुणाशी तरी बोलला. आम्हाला एवढंच ऐकू आलं, "नो सर. द होल थिंग." परत येऊन म्हणाला, "सुपरवायझर विचारतायत, किती वेळ लागेल?"

"सावली सगळ्यात आखूड होईपर्यंत," मावशी म्हणाल्या. "तुम्ही जरा डावीकडे सरका. तुमची पडतेय."

तो सरकला. सावली आखडत गेली, थांबली, पुन्हा वाढायला लागली. मावशींनी गुडघ्यावर बसून मोजपट्टी लावली. गार्डला राहवलं नाही. त्यानं विचारलं, "मग? केवढी आहे?"

"अजून कळलं नाही," मावशी म्हणाल्या. "जॉर्जियाहून फोन यायचाय."

अल्फारेटा पश्चिमेलाही आहे, त्यामुळे तिथली मध्यान्ह आमच्यानंतर येते. ती होईस्तोवर घरी येऊन जेवलो आणि मी फोन लावला. मावशी माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या. स्पीकर चालू.

"विचार तिला, काठी सरळ होती का."

"ताई, काठी सरळ होती का विचारतायत."

"सांग तिला, माझी काठी पहिल्यापासून सरळच आहे."

"ओळंबा लावला होता का विचार."

"लावला होता म्हणावं. आणि ती जेवली का विचार."

"हे मोजमापात येत नाही म्हणावं. ऊन होतं का?"

"ऊन होतं," ताई म्हणाल्या. "लख्ख ऊन." मग त्यांनी सावलीची लांबी सांगितली, मिलिमीटरपर्यंत. मी ती मोठ्यानं पुन्हा म्हटली, मावशींनी मान डोलावली आणि फोन ठेवायची खूण केली. ताई घाईनं म्हणाल्या, "बाळा, तू कुठली गं? नागपूरची का? तिला म्हणावं—" तेवढ्यात मावशींनी बटण दाबलं होतं.

संध्याकाळी आकडेमोड झाली. जेवताना मावशींनी निकाल सांगितला, "यंदा पृथ्वी जरा लहान आली."

पुढच्या वर्षी ती जरा मोठी आली.

मी टेस्टर आहे. दोन वर्षांनी एक गोष्ट मला खटकायला लागली. मावशींच्या सावलीचा आकडा दरवर्षी थोडा इकडेतिकडे होई. कधी जमीन ओली, कधी हात हलला, एक वर्ष तर ढगांमुळे दुसऱ्या दिवशी मोजावं लागलं. ताईंचा आकडा मात्र केसभरही हलत नसे. आणि एकवीस जूनला अल्फारेटात दरवर्षी लख्ख ऊन. मी मावशींना म्हटलं, "बाप्पा, दर वर्षी तोच आकडा कसा येतो?"

"ती लहानपणापासून अशीच आहे," मावशी म्हणाल्या. "कधी चुकत नाही." हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं ते ऐकून मी पुढे विचारलं नाही.

अबोल्याचं कारण मावशींनी मला एकदाच सांगितलं. काउंटीच्या वाचनालयातून माझ्या गाडीतून घरी येताना, सिग्नलला थांबल्यावर त्यांनी सुरुवात केली आणि पुढच्या सिग्नलला संपवलं. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशींचं ग्रीन कार्ड व्हायचं होतं. अर्ज आत होता, आणि अशा वेळी परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज बाद. ताई तोवर इथल्या नागरिक झालेल्या. मिरजेत आई आजारी पडली. ताई गेल्या. मावशींना एवढंच सांगितलं की आईला जरा बरं नाही, बघून येते. आई गेली. ताईंनी सगळे दिवस केले, तेरावं झालं, आणि मग मावशींना फोन केला.

"आधी कळलं असतं तर तू सगळं सोडून निघाली असतीस, म्हणून नाही सांगितलं, म्हणे," मावशी म्हणाल्या. "निघाले असते की नाही ते मला ठरवायचं होतं." सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा मला कळलं.

पुढे मावशींच्या डोळ्यांचं सुरू झालं. समोर बघितलं की मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितला. हळूहळू वाढेल म्हणाले, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. आमच्या भागात गाडी बंद म्हणजे दूध बंद, वाचनालय बंद, सगळंच बंद. परत येताना मी चालवत होते आणि मावशी शेजारी बसून खिडकीतून तिरकं बघत होत्या.

"ग्रंथपालाचेही डोळे गेले होते," त्या म्हणाल्या. "वाचता येईना, तेव्हा त्यानं अन्न सोडलं."

"मग?"

"मग काय. गेला."

हे त्यांनी इतिहास सांगावा तसं सांगितलं, मी इतिहास ऐकावा तसं ऐकलं. पण त्यानंतर मावशींच्या ताटात अर्धी पोळी उरायला लागली, मग पाऊण. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. "जेवलात का मावशी?" विचारलं की म्हणायच्या, "तो काय रोज विचारायचा प्रश्न आहे?" मी फोडणीचा भात करून बघितला, वडाभात करून बघितला. मावशी चव घ्यायच्या, छान झालंय म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. मी घाबरले होते. कुणाला सांगायचं तेही कळत नव्हतं, कारण मावशींचं असं माणूस अमेरिकेत एकच होतं आणि त्याच्याशी मी फक्त जूनमध्ये बोलत असे.

ऑक्टोबरात एके दिवशी मावशी म्हणाल्या, "मला अंतर मोजायचंय."

इतकी वर्षं एक गोष्ट त्यांना बोचत होती. सावल्या स्वतः मोजलेल्या, पण दोन गावांमधलं अंतर त्या नकाशातून घेत. जन्मभर नकाशे काढलेल्या बाईला नकाशाचं वावडं का, असं मी विचारलं. "नकाशा करायला पृथ्वी आधी मोजावी लागते," त्या म्हणाल्या. "नकाशातलं अंतर घेऊन पृथ्वी मोजायची म्हणजे उत्तर बघून गणित सोडवण्यासारखं आहे. ग्रंथपालाच्या वेळी पावलं मोजत चालणारी माणसं होती. माझ्याकडे तू आहेस आणि तुझी गाडी आहे. डोळे पुरते जायच्या आत एकदा स्वच्छ करून टाकू."

म्हणजे अल्फारेटापर्यंत गाडीनं जायचं होतं. पहाटे निघून संध्याकाळी पोचायचं. मी लगेच हो म्हटलं. कारण माझं वेगळं होतं. ताईंना फोन करून कळवू का, असं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "कळव. अंगणात गाडी येईल, दचकू नकोस म्हणावं."

तो प्रवास मी विसरणार नाही. मावशींच्या मांडीवर होकायंत्र. ताईचं घर किती दक्षिणेला, एवढंच त्यांना हवं होतं. रस्ता मात्र नैऋत्येला जाणार, मध्येच वळणार, डोंगराला वळसा घालणार. प्रत्येक वळणाला मावशी हात वर करायच्या. "हे पश्चिमेला गेलं. धरायचं नाही." मग थोड्या वेळानं, "हां, आता दक्षिण. आता धर." मी काय धरत होते मलाच ठाऊक नव्हतं, मी स्टिअरिंग धरलं होतं. आकडे मावशी मनात ठेवत होत्या. हायवे सोडून एक्झिट घेतली की हिशेब बिघडतो म्हणून थांबायचं नाही. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हाही आत जाऊन कॉफी घ्यायला त्यांनी नाही म्हटलं नाही, फक्त तोंड असं केलं की मी अर्धी कॉफी पिऊन पळत आले. शार्लटनंतर कुठेच थांबलो नाही. मी पोळीभाजीचा डबा घेतला होता. मावशींनी दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं.

सूर्य उतरायला लागला तेव्हा आम्ही ताईंच्या कॉलनीत शिरलो. विटांची मोठी घरं, सगळीकडे उंचच उंच पाइनची झाडं. ताई पोर्चमध्ये उभ्या होत्या. बुटक्या, गोल, सुती साडीवर स्वेटर. मी तोवर त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ड्राइव्हवेच्या टोकाला गाडी थांबली.

"किती झाले?" मावशींनी विचारलं.

मी डॅशबोर्डवरचा आकडा वाचला. मावशींनी डोळे मिटून बेरीज-वजाबाकी केली, समाधानानं मान हलवली आणि म्हणाल्या, "झालं. वळव."

"काय?"

"गाडी. परत जाऊ."

मी इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली. "मावशी, मला आत जायचंय."

"कशाला?"

"शार्लटपासून थांबलेलो नाही आपण."

मावशींनी विचार केला. "हो," त्या म्हणाल्या. "ते शरीराचं आहे. जा."

मी बाहेर आले तेव्हा मावशी तशाच पट्टा लावून गाडीत बसलेल्या आणि ताई त्यांच्या उघड्या खिडकीपाशी उभ्या. दोघी गप्प. भांडण झालंय म्हणावं तर तसंही नव्हतं. दोघी माझी वाट बघत होत्या. त्यांना माझ्यामार्फत बोलायची सवय झाली होती.

"विचार तिला," ताई म्हणाल्या, "गाडीतच बसणार आहे का."

मावशी माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "मी नाही विचारणार. त्या समोर आहेत तुमच्या."

समोरच्या घरातला कुत्रा भुंकून दमला. मग ताई खिडकीत वाकल्या आणि म्हणाल्या, "आत ये म्हटलं तर तू येणार नाहीस. जन्माची उलटी आहेस. म्हणून सांगते, गाडीतच बस. हलू नकोस."

मावशींनी पट्टा सोडला.

आत गेल्यावरही त्या घरात थांबल्या नाहीत, घर ओलांडून सरळ मागच्या दारानं परसात गेल्या. ताई आणि मी मागोमाग. मावशींनी हात पुढे केला तर हाताला झाड लागलं. चार पावलं पुढे गेल्या, दुसरं झाड. त्यांनी मान मागे टाकून वर बघितलं, मग कडेकडेनं, त्यांना दिसायचं तसं.

"इथं जूनमध्ये ऊन कुठून येतं?" त्यांनी विचारलं. ताईंना, थेट.

"येत नाही," ताई म्हणाल्या.

"मग काठी कुठे रोवतेस?"

"रोवत नाही."

"मग आकडा?"

"पहिल्या वर्षी मोजला होता. घरासमोर, ड्राइव्हवेवर. बादलीत वाळू भरून काठी उभी केली होती, ओळंबा लावून. अगदी नीट. पुढे तोच सांगत आले."

मावशींचा हात झाडाच्या खोडावरच राहिला. ताईच म्हणाल्या, "पृथ्वी काय दरवर्षी बदलते का?"

"एकदा मोजला होतास तर तसं सांगायचं. दरवर्षी कशाला—"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या वर्षी फोन केला असतास?"

पाइनच्या सुया पायाखाली करकरत होत्या. मावशींनी पर्स उघडली, पुन्हा बंद केली. "लख्ख ऊन म्हणायचीस," त्या म्हणाल्या.

"एक वर्ष गारा पडत होत्या. तरी म्हटलं, ऊन. पाऊस म्हटलं असतं तर तू दुसरीकडे कुणीतरी शोधलं असतंस." ताईंनी पदरानं चष्मा पुसला. "हवामानाबाबत मी आधीपासूनच खोटी आहे. आईला चार दिवस लंडनचं धुकं सांगत होते."

"कुठलं धुकं?"

"आत चल. उभ्यानं सांगण्यासारखं नाही."

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. गॅसवर काहीतरी मंद शिजत होतं. ताई ओट्याशी उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून, आणि बोलल्या.

"आई सारखी विचारायची, धाकटी कुठाय. काय सांगू? कागद अडकलेत, येता येणार नाही, असं सांगू? म्हटलं, निघालीय. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, अजून कशी नाही आली. म्हटलं, लंडनला विमान थांबलंय. धुकं आहे."

"मला न विचारता मला विमानात बसवलंस," मावशी म्हणाल्या.

"बसवलं. खिडकीची जागा दिली."

"चार दिवस धुकं असतं का?"

"आईला काय माहीत. मी रोज सांगायचे, अजून उतरलं नाही. ती म्हणायची, उतरू दे, धुक्यात विमान सोडायला लावू नका म्हणावं. तिला घाई करू नको म्हणावं."

मावशी टेबलावर बोटानं एक रेघ ओढत होत्या, पुन्हा पुन्हा तीच. "आणि?"

"चौथ्या दिवशी तिला कळलं असावं. मला जवळ बोलावलं. म्हणाली, मी नसले आणि ती आली, तर दारातच सांगू नकोस. प्रवासातून दमून आलेली असेल. आधी जेवायला वाढ. पोटभर जेवली की मग सांग."

कुकरची शिट्टी झाली. ताईंनी गॅस बंद केला.

"आणि तू तेराव्यानंतर फोन केलास," मावशी म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण त्यात वीस वर्षांचा राग शिल्लक होता.

ताई वळल्या. "रोज फोन हातात घ्यायचे. पोस्टात जाऊन कॉल बुक केला, रद्द केला. फोनवर तुला जेवायला कसं वाढणार होते मी?"

मी उठून पाण्याचे पेले भरले, कारण तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.

नंतरचं सगळं बरं झालं, हे इथेच सांगून टाकते. मी दोन दिवसांनी एकटी परत आले. मावशी महिनाभर म्हणून राहिल्या त्या राहिल्याच. अ‍ॅशबर्नचं घर पुढे त्यांनी विकलं. मी नोकरी बदलून न्यू जर्सीला गेले, लग्न झालं, आणि ताईंचा मुलगा अधूनमधून मेल करून कळवतो की दोघींचं कशावरून वाजलं. डोळ्यांचं डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. मावशींना आता कडेचंही फारसं दिसत नाही. ताई त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात आणि कंटाळवाणा भाग गाळतात. मावशींच्या ते लगेच लक्षात येतं. मी एकदा फोनवर विचारलं, की आता पृथ्वीचं काय. मावशी म्हणाल्या, "दोघी एकाच ठिकाणी राहायला लागल्यावर पृथ्वी मोजता येत नाही. त्याला लांब राहावं लागतं."

पण त्या संध्याकाळी हे काही ठरलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ताईंनी तीन ताटं मांडली. गरम भात, वरण, वर तूप. डाळिंब्यांची उसळ. पोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या त्या काढल्या. मावशींच्या ताटात वाढून त्या समोर बसल्या आणि स्वतः जेवायच्या थांबून बघत राहिल्या.

मावशींनी ताट हातानं चाचपलं, कुठे काय आहे ते बघितलं. मग जेवायला लागल्या. वरणभात संपवला. ताईंनी न विचारता पुन्हा वाढला, तोही संपवला. एक पोळी खाल्ली, मग दुसरी घेतली. उसळीत गूळ जास्त झालाय म्हणाल्या आणि उसळ मागून घेतली. शेवटी ताक प्याल्या. कितीतरी दिवसांत मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं. माझा घास हातातच राहिला होता.

ताट स्वच्छ झालं. मावशींनी उठून सिंकपाशी हात धुतले, पुसले, आणि पुन्हा आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"झालं माझं पोटभर," त्या म्हणाल्या. "आता सांग."

ताईंनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"आई गेली गं," त्या म्हणाल्या.